नऊ लिटरचा फरक

ठाकूरद्वारच्या त्रिलोकेकर सॉलिसिटरांकडे सीताराम पाष्टे नोकरीला लागला, त्या दिवशी त्यांच्या फियाटचा पेट्रोलचा काटा बंद होता. नऊ वर्षांनी ती गाडी भंगारात गेली तेव्हाही तो बंदच होता. मेकॅनिकने दुरुस्तीचे साडेतीनशे रुपये सांगितले होते, त्यावर मनमोहन त्रिलोकेकर म्हणाले होते, "मग ड्रायव्हरला पगार कशाचा देतो मी?"

हे थट्टेत म्हटलेलं सीतारामने मनावर घेतलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. बाप कुशाबा गिरणीत होता, संपात घरी बसला तो पुन्हा कधी पाळीवर गेलाच नाही. करी रोडच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सीतारामच्या पगाराकडे पाच तोंडं बघत होती. गाडी रस्त्यात बंद पडली तर ही नोकरी जाणार, एवढं त्याला पक्कं कळत होतं. म्हणून तो डोक्यात हिशेब ठेवायला लागला. ठाकूरद्वार ते हायकोर्ट सकाळी किती पितं, संध्याकाळी किती पितं. मलबार हिलला क्लायंटकडे जाताना चढावर किती जास्त. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं आणि पहिल्या गिअरवर यावं लागलं तर किती. टायरमधली हवा कमी असली तर किती. सहा महिन्यांत त्याला टाकीत काय उरलंय हे न बघता सांगता यायला लागलं. कसं, ते त्याला विचारलं तर सांगता यायचं नाही.

मनमोहनसाहेबांना ते पटलं कसाऱ्याच्या घाटात. सत्त्याण्णव सालचा मे महिना होता. साहेब, वासंतीबाई आणि नऊ वर्षांचा विहंग नाशिकला लग्नाला निघाले होते. शहापूरला सीताराम म्हणाला, "साहेब, पाच लिटर टाकून घेऊ."

"इगतपुरीत टाकू. आता थांबलो तर मुहूर्त जाईल."

"इगतपुरी नाय गाठायची गाडी. घाटनदेवीच्या अलीकडे बंद पडेल."

"काट्याशिवाय तुला एवढं दिसतं?" साहेब हसले, आणि गाडी पुढे घ्यायला सांगितली.

गाडी घाट चढत गेली. देऊळ एक वळण राहिलं असताना तिने दोन आचके दिले आणि थांबली. विहंग मागे झोपलेला होता. वासंतीबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की सीतारामनेच मान खाली घातली. तो डबा घेऊन ट्रकमध्ये चढला, इगतपुरीहून पेट्रोल घेऊन तासाभराने परतला. मुहूर्त गेला होता. साहेब रस्त्याकडेच्या दगडावर बसून मिशीत हसत होते. म्हणाले, "आजपासून तुझा शब्द शेवटचा."

आणि तो शब्द त्यांनी तेवीस वर्षं पाळला. कुठे जायचं ठरलं की आदल्या संध्याकाळी ते सीतारामला वर बोलवत. "किती रे?" सीताराम विचारात पडे. कोण कोण येणार, वार कुठला, सामान किती, परत कधी निघायचं. मग आकडा सांगे. साहेब पाकिटात तेवढे पैसे घालून देत, वर शंभराची एक नोट. परत आल्यावर सीताराम पंपाच्या पावत्या आणि ती नोट दोन्ही टेबलावर ठेवी. नोट मोडायची वेळ क्वचित येई. कोर्टातल्या मित्रांना साहेब ही गोष्ट रंगवून सांगत. फियाट गेली, दुसरी गाडी आली, तिसरी आली. काटे चालू असलेल्या गाड्या आल्या, तरी "किती रे?" चुकलं नाही.

करी रोडच्या चाळीतही सीतारामची ख्याती झाली. गणपतीत गावाला जायचं म्हणून पोरं भाड्याची गाडी ठरवत आणि वर्गणी किती काढायची हे विचारायला त्याच्या दारात येत.

"भाऊ, राजापूर. सात जण."

"जाताना सात. येताना तांदूळ किती आणणार? नारळ? आणि तुझी आजी येतेय ना? तिला गाडी लागते. म्हणजे काचा खाली, आणि दर तासाला थांबा. आजीचे दोन लिटर धर."

लोक हसायचे आणि दोन लिटर धरायचे. बायको शांता आतून म्हणायची, "फुकट सल्ला देता, निदान चहाचे तरी घ्या." पण तिलाही आवडायचं. दारात कोणी विचारायला उभं असणं या चाळीत फार थोड्यांच्या वाट्याला यायचं.

मनमोहनसाहेब वीस साली गेले. ठाकूरद्वारची जागा विकली गेली आणि वासंतीबाई लोअर परळच्या टॉवरमध्ये एकतिसाव्या मजल्यावर मुलाकडे राहायला आल्या. विहंग आता कुठल्याशा गुंतवणूक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. लहानपणी तो 'सीतारामकाका' म्हणायचा. लग्नानंतर 'सीताराम' आणि 'तुम्ही' म्हणायला लागला. सीतारामला त्याचं काही वाटलं नाही. पगार बावीस हजार होता, वेळेवर मिळत होता, आणि करी रोडहून पुलावरून चालत दहा मिनिटांत कामावर पोचता येत होतं.

चोवीस सालच्या डिसेंबरात महाबळेश्वरला जायचं ठरलं. विहंग, त्याची बायको अवनी, दोन मुली आणि वासंतीबाई. नवी पेट्रोलची मोठी गाडी घेऊन दोनच महिने झाले होते. निघायच्या आदल्या दिवशी विहंग खाली पार्किंगमध्ये आला. हातात फोन होता.

"सीताराम, हे बघा. गाडीचं ॲव्हरेज टाकलं, अंतर टाकलं. सहाशे दहा किलोमीटर, सगळं फिरणं धरून. अडतीस लिटर."

चार वर्षांत पहिल्यांदा कोणी तो विषय काढला होता. सीतारामचा चेहरा उजळला. त्याने लगेच डोक्यात गाडी सोडली.

"सत्तेचाळीस लागेल, विहंगसाहेब."

"सत्तेचाळीस? का?"

"शनिवार आहे, वर नाताळ. बोरघाटात दीड तास तरी जाईल. पुढे खंबाटकी, मग पसरणीचा घाट. सामान तर बघताच. वाईला बाई गणपतीच्या दर्शनाला उतरणार, मुली नाय उतरणार. म्हणजे एसी चालू ठेवून अर्धा-पाऊण तास उभं राहायचं. प्रतापगडला परत तेच."

विहंग हसला. "ॲपमध्ये ट्रॅफिक धरलेलं असतं. बघू."

प्रवास सीतारामने सांगितला तसाच झाला. बोरघाटात पावणेदोन तास गेले. वाईला वासंतीबाई एकट्याच देवळात गेल्या, अवनी आणि मुली थंड गाडीत बसून राहिल्या. पेट्रोल तीन ठिकाणी भरलं आणि तिन्ही वेळा सगळं कुटुंब गाडीत होतं. परत आल्यावर टॉवरजवळच्या पंपावर टाकी निघताना होती तशी पुन्हा काठोकाठ भरली. पावत्यांची बेरीज सत्तेचाळीसला दोनशे मिली कमी.

सीतारामने पावत्या विहंगच्या हातात दिल्या तेव्हा तो अगदी खूश होता. "बघा साहेब," तो म्हणाला, "पेलाभर कमीच." मनमोहनसाहेब असते तर त्यांनी पाठीवर थाप मारली असती. विहंगने पावत्यांचे फोटो काढले, गाडीच्या पडद्यावरचे प्रवासाच्या ॲव्हरेजचे आकडे पुसून शून्य केले, कारण आता त्याला शहरातलं ॲव्हरेज मोजायचं होतं, आणि लिफ्टकडे गेला.

दहा दिवसांनी सीतारामला वर बोलावणं आलं. विहंग जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. वासंतीबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या, मांडीवर वर्तमानपत्र होतं. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे स्वयंपाकाला असलेल्या जाईबाई ओट्यापाशी भाजी चिरत होत्या.

"बसा, सीताराम."

सीताराम बसला नाही. त्या घरात तो कधीच बसला नव्हता.

"मी हे दोन-तीनदा तपासलं," विहंग म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "कंपनीचं ॲव्हरेज अठरा आहे. मी सोळा धरलं. तरी अडतीस येतात. बिलं सत्तेचाळीसची आहेत. नऊ लिटर कुठे गेले?"

"गाडीने खाल्ले, साहेब."

"मला एक सांगा. तुम्ही आदल्या दिवशी सत्तेचाळीस म्हणालात. आलेही सत्तेचाळीस. सहाशे किलोमीटरच्या प्रवासात इतका बरोबर अंदाज कोणाला येतो?"

सीतारामला वाटलं, हा कौतुक करतोय. तो हसणारच होता.

"आधी ठरवून ठेवलेलं असेल तर येतो," विहंग म्हणाला. "पंपवाल्याशी बोलणं झालेलं असतं. पावती जास्तीची, पेट्रोल कमी. हे सगळीकडे चालतं, मला माहीत आहे."

जाईबाईंची सुरी थांबली. इतकी वर्षं सीतारामच्या ज्या गोष्टीवर लोक खूश व्हायचे तीच समोर पुरावा म्हणून ठेवली होती. चुकला असता तर सुटला असता.

"साहेब, तुमच्या पपांना विचारा..." तो बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं.

"पपा भोळे होते."

"मग तुम्ही सोबत चला. टाकी फुल करू, तुम्हीच चालवा, मी मागे बसतो. जाऊन येऊ वाईपर्यंत. कमी लागलं तर माझा पगार कापा."

"मला एवढा वेळ नाही, सीताराम."

तेव्हा सीताराम वासंतीबाईंकडे वळला. "बाई, तुम्ही होता ना गाडीत. तिन्ही पंपावर होता. मी खाली उतरून कोणाशी एक शब्द तरी बोललो का?"

वासंतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. मग त्यांनी वर्तमानपत्राची घडी उलगडली आणि म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही रे. माझा डोळा लागला होता."

नऊ लिटर, एकशेचार रुपयांनी नऊशे छत्तीस. विहंगने महिन्याचा पूर्ण पगार दिला, वर अर्ध्या महिन्याचा जास्त दिला, आणि पोलिसांत जाणार नाही असं सांगितलं. ते सांगताना आपण मोठ्या मनाने वागतोय असं त्याला वाटत असावं. लिफ्टने खाली येताना सीतारामच्या हातात गाडीची किल्ली तशीच राहिली होती. ती वॉचमनकडे ठेवून तो पुलावरून घरी आला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तो दुपारी दोन वाजता चाळीचा जिना चढला.

त्याला वाटलं होतं, दुसरी नोकरी आठवड्याभरात मिळेल. त्या भागातल्या निम्म्या ड्रायव्हरांना तो ओळखत होता. तीन घरी बोलणं झालं, तिन्ही ठिकाणी दुसऱ्या दिवशी फोन आला की आता गरज नाही. शेवटी त्याच टॉवरमधल्या एका ड्रायव्हरने त्याला बाजूला घेऊन फोन दाखवला. इमारतीतल्या मालकांच्या ग्रुपवर विहंगने लिहिलं होतं की पेट्रोलच्या बिलांवरून आपण जुना ड्रायव्हर काढला आहे, सगळ्यांनी आपापली बिलं एकदा तपासावीत. खाली नाव होतं आणि फोटोही. तो फोटो प्रतापगडाच्या पायथ्याशी अवनीने काढलेला होता. त्यात मुली सीतारामच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. त्यांना कापून फक्त तो ठेवला होता.

"भाऊ, दुसऱ्या बिल्डिंगींच्या ग्रुपवरपण गेलंय हे," तो ड्रायव्हर म्हणाला.

तीन महिने घरी काढल्यावर चिंचपोकळीच्या हेमचंद्र मांडववाल्याने त्याला टेम्पोवर घेतलं. बांबू, पडदे, खुर्च्या. चौदा हजार. हेमचंद्राला कुठल्याच ग्रुपशी देणंघेणं नव्हतं, पण डिझेल तो स्वतः उभं राहून भरायचा, कारण ड्रायव्हर म्हटला की तो भरवसा ठेवत नसे, आणि तसं तोंडावर सांगायचा. शांता लालबागच्या एका पोळीभाजी केंद्रात सकाळच्या पाळीला जायला लागली. दिवसाला दोनशे पोळ्या लाटून तिचं मनगट सुजायचं. ती तक्रार करायची नाही. हल्ली ती सीतारामशी कामापुरतंच बोलायची.

चाळीतही वारा बदलला होता. तोंडावर कोणी काही म्हणालं नाही. पण एकदा नळावर पुतण्या निलेश कोणालातरी सांगत होता, "काका तसा नाय रे. पण एवढी वर्षं मोठ्यांची गाडी हातात म्हटल्यावर थोडंफार कोण करत नाय?" त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. उलट कौतुकच होतं, आणि सीतारामला तेच जास्त झोंबलं. भाद्रपदाच्या आधी पोरं नेहमीसारखी दारात आली तेव्हा तो आतून म्हणाला, "मला नाय माहीत. ॲपमध्ये बघा." एक-दोघांनी फारच गळ घातली, तर त्यांना त्याने मुद्दाम चुकीचा आकडा सांगितला. पाच-सहा लिटर इकडेतिकडे. खरा आकडा डोक्यात आपोआप यायचाच. तो गिळून दुसरा सांगताना त्याला दर वेळी वाईट वाटायचं.

पुढच्या बातम्या जाईबाईंकडून येत राहिल्या. त्या नायगावच्या चाळीत राहायच्या आणि शांताची त्यांच्याशी जुनी ओळख होती. विहंगने दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. मे महिन्यात सगळे नाशिकला गेले. ॲपने पंचवीस लिटर सांगितले, बिलं आली एकतीसची. विहंगने त्या ड्रायव्हरलाही काढलं.

"आता तरी त्याला समजलं असेल," शांता म्हणाली.

"समजलं ना," जाईबाई म्हणाल्या. "जेवताना म्हणत होता, ही जातच चोर."

ऑक्टोबरात, ड्रायव्हरच मिळेना म्हणून, विहंग स्वतः गाडी चालवत महाबळेश्वरला गेला. परतताना गाडीच्या पडद्यावर ॲव्हरेजचा आकडा होता बारा पूर्णांक नऊ. सत्तेचाळीसच्या वर लिटर गेले होते, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने भरले होते. घरी आल्यावर तो दोन दिवस धुसफुसत होता. मग त्याने गाडीच्या कंपनीला लांबलचक तक्रार लिहिली. कंपनीचं उत्तर आलं की जाहिरातीतला आकडा चाचणीतला असतो, प्रत्यक्षात फरक पडू शकतो, तरी आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सोबत दोन सर्व्हिसिंग फुकट. विहंगने ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं, असं जाईबाई म्हणाल्या. तो खूश होता. म्हणाला, शेवटी माफी मागायला लावलीच.

"आणि ह्यांचं नाव?" शांताने विचारलं. "ह्यांचं नाव निघालं का?"

जाईबाईंनी नकारार्थी मान हलवली.

दिवाळीनंतर वासंतीबाईंचा फोन आला. भेटायला ये म्हणाल्या. सीताराम इस्त्रीचा शर्ट घालून गेला. टॉवरच्या तिसऱ्या मजल्यावर बाग होती, तिथल्या बाकावर त्या बसल्या होत्या. वर्षभरात खूप वाळल्या होत्या. सीताराम समोर उभा राहिला.

"परत ये," त्या म्हणाल्या. "मी विहंगशी बोलले आहे. तो येऊ दे म्हणाला. चोवीस देऊ."

"आणखी काय म्हणाला?"

"तो तसं बोलणाऱ्यातला नाही, सीताराम. तुला ठाऊक आहे. पण त्याला कळलंय."

सीतारामने वर्षभर मनात घोळवलेलं विचारलं. "बाई, तेव्हा का नाय बोललात? तुमचा डोळा लागला नव्हता. वाईच्या पंपावर तुम्हीच मला म्हणालात, मीटर शून्यावर आहे का बघ."

वासंतीबाईंनी नजर वळवली नाही. "मला त्याच्याकडे राहायचंय," त्या म्हणाल्या. "ठाकूरद्वारचं घर माझं होतं. हे त्याचं आहे. त्याच्या घरात बसून त्याला खोटं कसं पाडू? तुला दुसरी नोकरी मिळेल असं वाटलं मला. मला दुसरं घर कुठून मिळणार होतं?"

हे इतकं खरं होतं की सीतारामला राग आणता येईना. तो म्हणाला, "येतो मी परत. बावीसवरच येतो. फक्त त्यांनी त्या ग्रुपवर लिहावं, की चूक झाली होती. एक ओळ. फोटो नको."

"तेवढं सोडून बोल."

"मग राहू दे, बाई."

"असा हट्ट करू नकोस. शांताचा विचार कर."

"वर्षभर तोच करतोय," सीताराम म्हणाला, आणि त्यांच्या पाया पडून निघाला. पाया का पडलो, ते त्याला खाली रस्त्यावर आल्यावरही कळलं नाही.

घरी शांताने सगळं ऐकून घेतलं. पोळपाट धुऊन भिंतीला टेकवला. मग म्हणाली, "चोवीस म्हणाले?"

"हो."

"आणि तुम्ही नाय म्हणालात."

"त्यांनी लिहायला पायजे होतं, शांता."

"कोण वाचणार होतं ते? त्या बिल्डिंगीतली माणसं? ती आपल्याला जेवायला घालतायत?" तिने सुजलेलं मनगट दुसऱ्या हाताने दाबून धरलं. "तुमचं नाव तुम्हाला ठाऊक. मला ठाऊक. आणखी कोणाला सांगायचंय? दहा हजारांचा फरक होता. नऊ लिटरपायी त्याने तुम्हाला घालवलं, आणि आता एका ओळीपायी तुम्ही आम्हाला."

आपण बरोबर वागलो असं सीतारामला वाटत होतं, आणि शांता चूक बोलत नाही असंही वाटत होतं. दोन्ही एकदम खरं कसं असू शकतं हे उलगडेना, म्हणून तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

पंधरा दिवसांनी जाईबाई सांगत आल्या की त्रिलोकेकरांना तिसरा ड्रायव्हर मिळाला. विहंग लोकांना सांगतो, जुन्याला मानाने परत बोलावलं होतं, पण त्याचाच तोरा मोठा. शांताने ते ऐकून चहाचे कप उचलले आणि मोरीत गेली.

डिसेंबरपासून तिने पोळीभाजी केंद्रात संध्याकाळचीही पाळी धरली. सीतारामचा टेम्पो त्या वेळेला गोडाऊनमधून निघायचा, तेव्हा तो तिला वाटेत लालबागला सोडायचा. दोघं केबिनमध्ये शेजारी बसायची, मागे बांबू एकमेकांवर आपटत असायचे, बोलणं होत नसे. एक दिवस मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी ती उतरली, पदर खोचला आणि दार लावता लावता म्हणाली, "मला यायला नऊ वाजतील. भात लावून ठेवा."

"ठेवतो," सीताराम म्हणाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले होते. त्याने टेम्पो पुढे घेतला.